अडखळणारे इंजिन आणि त्याची नाडीपरीक्षा



आमच्या घरी एक जुनी मालमोटार आहे. आमच्या आजोबांनी ती १९५८ साली घेतली. त्या काळी बेळगाव-वेंगुर्ला रस्त्याने आंबोलीचा घाट उतरून ती गूळ, तांदूळ आणि बटाटे खाली कोकणात नेत असे व परत येताना नारळ आणि मीठ घेऊन येत असे. १९५४ साली जमशेदपूरला टेल्को कंपनीने डायमलर-बेंझच्या सहकार्याने मालमोटारी बांधावयास आरंभ केला होता, आणि पुढे डिझेलवर चालणाऱ्या अशा गाड्यांनी हळूहळू सर्व रस्ते व्यापले. आमची गाडी मात्र पेट्रोलवर चालणारी, सहा सिलिंडरांची, जुन्या धाटणीची. तिने मालवाहतूक सोडून कित्येक वर्षे झाली. आता ती वर्षातून एकदा गल्लीच्या गणपतीसाठी बाहेर पडते. अनंत चतुर्दशीला तिच्यावर मूर्ती असते, मूर्तीभोवती लहान मुले असतात, आणि पुढेमागे लेझीम, झांजा व माणसांची दाटी असते. कपिलेश्वर तलावापर्यंतचा तो प्रवास माणसाच्या चालीनेच करावयाचा असतो.

२०२३ साली गणेशचतुर्थीच्या आठ दिवस आधी गाडी सुरू केली, तेव्हा तिचे इंजिन अडखळू लागले. एरवी जागेवर उभी असताना तिचा सूर एकसारखा असे. त्या दिवशी मात्र लंगडा माणूस चालावा तसा तो ऐकू येत होता. चार ठोके बरोबर, मग एक गचका, पुन्हा काही ठोके आणि पुन्हा गचका. चालकांच्या भाषेत सांगावयाचे तर गाडी ‘मिसिंग’ मारीत होती. एका मेस्त्रींना बोलाविले. त्यांनी सहाही प्लग नवे घातले, कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून पेट्रोल थोडे वाढविले, इंजिनाची जागेवरची गती वाढविली आणि ते म्हणाले, “आता खुशाल चालवा.” गचके कमी ऐकू येऊ लागले. परंतु आमचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, ते समाधानी नव्हते. ते म्हणाले, “आवाज झाकला गेला, आजार गेला नाही. मुले बसायची आहेत गाडीवर. कारण सापडल्याशिवाय मी ही गाडी मिरवणुकीत देणार नाही.”

पुढचे दोन दिवस अण्णा, मी आणि आपल्याच शाळेत त्या वर्षी नववीत असलेली माझी भाची, अशा तिघांनी त्या इंजिनाची जी तपासणी केली, तिची ही हकीकत आहे. यंत्रातील दोष कसा शोधावा, यापेक्षाही कोणताही दोष शोधताना विचार कसा करावा, हे तिच्यातून आपणांस दिसेल अशी मला आशा आहे.

इंजिनाचे काम

प्रथम हे यंत्र चालते कसे ते पाहू. सिलिंडर म्हणजे एक नळकांडे. त्यात दट्ट्या खालीवर सरकतो. दट्ट्या खाली जाताना आत येणाऱ्या वाटेची झडप उघडते आणि हवा व पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण आत ओढले जाते. मग दोन्ही झडपा मिटतात व दट्ट्या वर येऊन ते मिश्रण दाबतो. दाब पुरेसा झाला की प्लगच्या टोकांमध्ये ठिणगी पडते, मिश्रण पेट घेते आणि तापलेले वायू दट्ट्याला जोराने खाली ढकलतात. चौथ्या खेपेस दट्ट्या वर येतो आणि जळालेला धूर दुसऱ्या झडपेवाटे बाहेर घालवितो. शोषण, संपीडन, ज्वलन आणि उत्सर्जन असा हा चार पावलांचा फेरा आहे. या तत्त्वावर चालणारे इंजिन १८७६ साली जर्मनीत निकोलाउस ऑटो याने यशस्वी करून दाखविले.

आता थोडे गणित करू. इंजिन जागेवर मिनिटास ५०० फेरे घेत आहे असे समजा. चार पावलांच्या एका फेऱ्यास दांड्याचे दोन फेरे लागतात, म्हणून प्रत्येक सिलिंडरात मिनिटाला २५० वेळा ज्वलन होते. सिलिंडर सहा, म्हणजे मिनिटाला १५०० आणि सेकंदाला २५ ठोके. यातील एक सिलिंडर मुका झाला तर सेकंदाला सुमारे चार ठोके गळतात. सेकंदाला पंचवीस ठोके कानाला एकसंध सुरासारखे वाटतात. त्यातील चार गळाले की सूर तुटतो, आणि आपणांस जाणवतो तो गचका हाच.

एखाद्या सिलिंडरात मिश्रण पेटले नाही, तर त्याची कारणे तीनच प्रकारची असू शकतात. मिश्रण योग्य नाही, दाब पुरेसा नाही, किंवा ठिणगी योग्य वेळी व पुरेशा जोराने पडत नाही. चौथा प्रकार नाही. अण्णांनी जमिनीवर खडूने तीन रकाने आखले आणि भाचीला सांगितले, “जे दिसेल ते यात लिही. जे वाटेल ते लिहू नकोस.”

आधी ऐकावे, मग हात लावावा

वैद्य रोग्याला औषध देण्यापूर्वी त्रास केव्हा होतो आणि केव्हा थांबतो, हे विचारतो. इंजिनालाही तेच विचारावयाचे असते. म्हणून प्रथम आम्ही मेस्त्रींनी फिरविलेले स्क्रू पूर्ववत केले. झाकलेले लक्षण पुन्हा उघडे करणे ही पहिली पायरी होती.

गचके केवळ भार पडल्यावर, चढावर किंवा वेग वाढविताना येत असतील, तर संशय बहुधा ठिणगीवर जातो. कारण सिलिंडरात जितके अधिक मिश्रण दाबले जाते, तितकी ठिणगीला प्लगची फट ओलांडणे कठीण होते. अशक्त कॉइल किंवा फाटलेली तार जागेवर निभावून नेते आणि चढावर उघडी पडते. उलट, गचके केवळ जागेवर येत असतील आणि वेग वाढविला की नाहीसे होत असतील, तर संशय तिघांवर जातो. कार्ब्युरेटरमधील मंद गतीची बारीक वाट कचऱ्याने तुंबलेली असेल, एखादी झडप नीट मिटत नसेल, अथवा कोठून तरी जादा हवा आत शिरत असेल. वेगात इंजिन इतकी हवा ओढते की तीत चोरवाटेची थोडी हवा जमेस धरण्याइतकीही नसते. जागेवर मात्र तीच हवा सगळे प्रमाण बिघडवून टाकते.

आमच्या गाडीचे गचके जागेवर होते. वेग वाढविताच ते जवळजवळ नाहीसे होत. भाचीने हे लिहून घेतले.

दोषी सिलिंडर कोणता?

जुन्या गाड्यांत ही परीक्षा सोपी असते. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची तार क्षणभर दूर करावयाची. तो सिलिंडर काम करीत असेल तर इंजिनाची गती ताबडतोब घटते. तो मुळातच मुका असेल तर काहीच फरक पडत नाही. वर्गात गलका झाला असता एकेकास गप्प बसविल्यावर कोणाचा आवाज होता ते कळते, तशीच ही युक्ती आहे. तारेत हजारो व्होल्टांचा विद्युद्दाब असतो, म्हणून हे काम अण्णांनी लाकडी चिमट्याने आणि स्वतः केले. आजच्या नव्या गाड्यांतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणेवर मात्र हा प्रयोग कधीही करू नये. माणसाला तीव्र झटका बसण्याचा आणि यंत्रणा जळण्याचा धोका असतो.

पहिल्या चार सिलिंडरांच्या तारा काढताच प्रत्येक वेळी इंजिन खाली बसले. पाचव्याने फारसा फरक पडला नाही. सहाव्यानेही नाही. म्हणजे दोष पाच व सहा या दोघांत होता.

ठिणगीची चौकशी

ठिणगीचा प्रवास मोठा मौजेचा आहे. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने १९१० च्या सुमारास ही बॅटरीवरील पद्धत मोटारींत रूढ केली. बॅटरीचा सहा किंवा बारा व्होल्टांचा प्रवाह कॉइलच्या जाड तारेच्या वेटोळ्यातून जातो व तेथे चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. पॉइंट नावाची दोन छोटी टोके उघडली की तो प्रवाह एकाएकी तुटतो, ते क्षेत्र कोसळते आणि बारीक तारेच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टांचा दाब उत्पन्न होतो. डिस्ट्रिब्यूटर हा दाब एकेका सिलिंडरास पाळीपाळीने वाटून देतो. पॉइंटजवळचा कंडेन्सर टोकांवर ठिणगी उडू देत नाही. तो बिघडला तर पॉइंट जळतात आणि प्लगमधील ठिणगी निळसर व कडक न राहता पिवळी व निर्जीव दिसते. पॉइंटची फट अशा इंजिनांत साधारण अर्धा मिलिमीटर असते. ती पातळ पट्ट्यांच्या फिलर गेजने मोजावयाची असते, अंदाजाने ठरवावयाची नसते.

येथे एक विचार महत्त्वाचा आहे. बॅटरी, कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर सहाही सिलिंडरांना सामाईक आहेत. त्यांत दोष असता तर सहाही सिलिंडर कमीअधिक अडखळले असते. केवळ दोनच सिलिंडर मुके आहेत, तेव्हा दोष वाटणी झाल्यानंतरच्या भागात, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरचे टोपण, तारा किंवा प्लग यांत असला पाहिजे. अथवा तो ठिणगीचा नव्हेच.

त्या रात्री दिवे मालवून आम्ही इंजिन चालू केले. तारेला चीर असेल तर अंधारात निळ्या ठिणग्या लोखंडाकडे उडताना दिसतात. एकही दिसली नाही. सकाळी टोपण काढून पाहिले. त्यात तडा नव्हता आणि काजळीची रेघही नव्हती. मग पाचव्या सिलिंडराचा प्लग आणि तार दुसऱ्याला लावली व दुसऱ्याची पाचव्याला. दोष प्लगबरोबर सरकून दुसऱ्या सिलिंडरात गेला असता तर प्लग किंवा तार अपराधी ठरली असती. तो पाचव्यातच राहिला. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहावा, हा प्रयोगशाळेतील नियम येथे किती उपयोगी पडतो पाहा. मेस्त्रींनी सहाही प्लग एकदम बदलले होते, त्यामुळे त्यांच्या कष्टातून कोणतेच ज्ञान हाती लागले नव्हते.

प्लग काढलेच होते, तेव्हा त्यांचे रंगही पाहिले. निरोगी सिलिंडरातील प्लगच्या चिनी मातीवर बिस्किटासारखा फिकट तपकिरी रंग चढतो. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल अधिक झाले. काळा, ओला व तेलकट असेल तर इंजिनाचे तेल आत येत आहे. पांढराफटक असेल तर हवा अधिक, पेट्रोल कमी, किंवा उष्णता फार. नव्या प्लगांवर रंग चढावयास अवधी मिळालेला नव्हता. सुदैवाने जुने प्लग मेस्त्रींनी क्रमाने डब्यात ठेवले होते. त्यांतील पहिले चार तपकिरी होते, शेवटचे दोन पांढुरके.

भाचीने विचारले, “मामा, इंजिनात पाच आणि सहा शेजारीशेजारी आहेत. ठिणगीच्या पाळीतही ते शेजारी आहेत का?”

प्रश्न मार्मिक होता. सहा सिलिंडरांच्या अशा सरळ इंजिनात ठिणगीचा क्रम १, ५, ३, ६, २, ४ असा असतो. या क्रमात पाचाचे शेजारी एक आणि तीन, तर सहाचे शेजारी तीन आणि दोन. टोपणात तडा गेला असता तर पाळीने शेजारी असणारे सिलिंडर बिघडले असते. येथे जागेने शेजारी असणारे बिघडले होते. म्हणजे अपराधी वस्तू विजेच्या वाटेवर नसून इंजिनाच्या त्या टोकाला कोठेतरी होती. खडूच्या रकान्यांपैकी एक रकाना आम्ही पुसून टाकला.

दाबाची चौकशी

शेजारचे दोन सिलिंडर एकदम अशक्त झाले, तर अनुभवी मेस्त्री प्रथम हेड गॅस्केटकडे पाहतो. सिलिंडरांवरील झाकण व खालचा भाग यांच्यामध्ये हा चपटा पत्रा असतो. दोन सिलिंडरांच्या मधोमध तो जळाला तर एकाचा दाब दुसऱ्यात निसटतो आणि दोघेही लुळे पडतात.

याची परीक्षा दाबमापकाने होते. इंजिन गरम करून सर्व प्लग काढावयाचे, कार्ब्युरेटरची झडप पूर्ण उघडी ठेवावयाची, ठिणगीची वीज तोडावयाची आणि एकेका प्लगच्या जागी मापक बसवून स्टार्टरने इंजिन फिरवावयाचे. आकडा किती आहे यापेक्षा सहा आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत, हे अधिक महत्त्वाचे असते. शेकडा दहापर्यंतचा फरक क्षम्य मानतात. एखादा आकडा फार खाली असेल तर त्या सिलिंडरात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर दट्ट्याच्या कड्या झिजल्या आहेत, कारण तेलाने त्यांची फट बुजली. वाढला नाही तर झडप गळत आहे.

जुन्या इंजिनांच्या झडपांविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पूर्वी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळीत. ते विषारी असल्यामुळे २००० सालापासून आपल्या देशात शिसेमुक्त पेट्रोल सर्वत्र सक्तीचे झाले, आणि ते योग्यच झाले. परंतु त्या शिशाचा थर जुन्या, मऊ लोखंडाच्या झडपबैठकांना झिजण्यापासून वाचवीत असे. तो थर नाहीसा झाल्यावर भारी कामात झडप बैठकीत हळूहळू रुतू शकते, टॅपेटची फट नाहीशी होते आणि झडप पुरती मिटेनाशी होते. म्हणून अशा गाड्यांची टॅपेटची फट वरचेवर मोजली पाहिजे.

आमचे सहा आकडे चौरस इंचास १०५ ते ११२ पौंड यांच्या दरम्यान आले. पाच आणि सहा कोठेही मागे नव्हते. म्हणजे कड्या, झडपा आणि गॅस्केट निर्दोष होत्या. दुसराही रकाना पुसला गेला.

उरला तो श्वास

आता मिश्रणच राहिले. एक भाग पेट्रोल पुरते जळण्यास वजनाने सुमारे १५ भाग हवा लागते. हवा त्याहून फार अधिक झाली तर ठिणगी कितीही कडक असली तरी मिश्रण पेटत नाही. कार्ब्युरेटर हे प्रमाण राखतो, परंतु त्याच्यातून न जाता दुसऱ्याच वाटेने हवा आत आली तर तो बिचारा काय करणार?

उंचीचाही येथे संबंध असतो. वेंगुर्ला समुद्रकाठी, तर बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंच. वर हवा विरळ असल्यामुळे खाली जुळविलेला कार्ब्युरेटर येथे थोडे अधिक पेट्रोल देतो. पेट्रोलही बदलले आहे. त्यात मिसळावयाच्या इथेनॉलचे प्रमाण २०२२ साली सुमारे १० टक्क्यांवर आणि २०२५ साली २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने जुन्या कार्ब्युरेटरला मिश्रण पातळ पडते. ते हवेतील पाणी शोषून घेते, आणि जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या त्याच्या संगतीत फुगतात वा चिरतात. परंतु उंची आणि पेट्रोल या दोन्ही गोष्टी सहाही सिलिंडरांना सारख्याच. आमचा दोष दोघांपुरता होता.

या जातीच्या इंजिनात मिश्रण नेणारी नळी पुढे तीन वाटांत विभागते. एक वाट पहिल्या दोन सिलिंडरांना, एक मधल्या दोघांना आणि एक शेवटच्या दोघांना. पाच आणि सहा एकाच वाटेने श्वास घेतात! चोरवाट असलीच तर ती त्या टोकाला असणार.

इंजिन जागेवर चालू असताना कार्ब्युरेटरची झडप जवळजवळ मिटलेली असते. दट्टे हवा ओढतात, पण हवा पुरेशी येत नाही, म्हणून नळीत अर्धवट पोकळी निर्माण होते. ती पारा असलेल्या नळीच्या इंचांत मोजतात. समुद्रकाठी निरोगी इंजिन १७ ते २१ इंच दाखविते, आणि दर हजार फूट चढण्यास सुमारे एक इंच कमी होतो. बेळगावला त्यामुळे १५ ते १८ इंच अपेक्षित. आमच्या मापकाचा काटा १२ वर थरथरत होता.

नळीच्या सांध्यांवर अण्णांनी ब्रशाने घट्ट तेल लाविले. चीर असेल तर तेल आत ओढले जाऊन ती क्षणभर बुजते व इंजिनाचा सूर सुधारतो. काही लोक यासाठी पेट्रोल शिंपडतात. तापल्या इंजिनावर तसे करणे म्हणजे आगीला आमंत्रणच होय. तेलाने काही फरक पडला नाही.

मग भाचीचे लक्ष त्या नळीच्या मागल्या टोकाला, पाच आणि सहाच्या वाटेजवळ बसविलेल्या एका रबरी नळीकडे गेले. ती खाली चौकटीकडे जात होती. तिने विचारले, “अण्णा, ही कुठे जाते?”

अण्णा काही क्षण बोलले नाहीत. मग त्यांनी ती रबरी नळी पकडीने घट्ट चिमटली. त्याच क्षणी इंजिन सरळ झाले. गचके थांबले, आणि काटा १७ वर चढून तेथे स्थिर उभा राहिला.

ती नळी ब्रेकची होती.

गचक्याचा खरा अर्थ

भारी गाडी केवळ पायाच्या जोराने थांबविणे कठीण, म्हणून जुन्या मालमोटारींत इंजिनातील या पोकळीचीच मदत घेतात. एका बंद डब्यात पडदा असतो. ब्रेक दाबला की पडद्याच्या एका बाजूस पोकळी राहते आणि दुसऱ्या बाजूस बाहेरची हवा येते. हवेच्या दाबातील हा फरक अर्ध्या वातावरणाएवढा, म्हणजे चौरस इंचास सुमारे ७ पौंड धरा. पडद्याचा व्यास ९ इंच असेल तर क्षेत्रफळ सुमारे ६४ चौरस इंच, आणि जोर सुमारे ४५० पौंड. दोन क्विंटलांहून थोडे अधिक असे हे बळ चालकाच्या पायाच्या मदतीस येते. वाटेत एकेरी झडप असते. ती पोकळी साठवून ठेवते, ज्यायोगे इंजिन बंद पडले तरी दोनतीन वेळा ब्रेक नीट लागावा.

आम्ही इंजिन बंद केले, दोन मिनिटे थांबलो आणि अण्णांनी ब्रेक दाबला. पहिला दाब मऊ लागावयास हवा होता. तो दगडासारखा कठीण लागला. साठा शिल्लकच नव्हता. डब्याजवळच्या पट्ट्याखाली ती नळी बोटाच्या पेराएवढी चिरली होती. इंजिन चालू असताना त्या चिरेतून हवा आत शिरून पाचव्या व सहाव्याचे मिश्रण पातळ करीत होती. इंजिन बंद होताच तीच हवा ब्रेकची मदत काढून घेत होती. ब्रेक अगदीच लागला नसता असे नव्हे. परंतु वाटेत इंजिन बंद पडून गाडी उतरणीला लागली असती, तर ऐन वेळी अण्णांच्या पायाला तिप्पट-चौपट जोर लावावा लागला असता. आणि त्या वेळी पुढे लेझीम खेळणारी मुले असती.

चिरलेली नळी जोडली नाही. त्याच जाडीची, पोकळीने न चेपणारी नवी नळी आणून लावली व दोन्ही टोकांचे पट्टे बदलले. पेट्रोलचा स्क्रू पुन्हा जुळविला. मग तीच ब्रेकची परीक्षा तीन वेळा केली, आणि रिकाम्या रस्त्यावर गाडी थांबवून पाहिली. जुन्या सहा प्लगांत दोष नव्हता. ते घासून, फट जुळवून पुन्हा उपयोगासाठी ठेवून दिले. मेस्त्रींना बोलावून चिरलेली नळी दाखविली. ते भले गृहस्थ. त्यांनी ती हातात घेऊन बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, “ब्रेकचा विचारच केला नाही मी. आवाज इंजिनाचा होता ना!”

करून पाहताना घ्यावयाची काळजी

आपल्यापैकी कोणास अशा कामात रस वाटला तर मोठ्या माणसाच्या देखरेखीशिवाय हात घालू नये. इंजिन बंद खोलीत चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही व वास नाही, आणि तो प्राण घेतो. गाडी गिअरमधून काढून, हातब्रेक ओढून, चाकांना दगड लावूनच तपासणी सुरू करावी. सैल बाह्या, ओढणी, लांब वेणी पंख्यापासून दूर ठेवावी. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. आणि ब्रेकशी संबंधित कोणताही दोष आढळला तर तो पुरता दूर होईपर्यंत गाडी हलवू नये.

त्या वर्षीची मिरवणूक रात्रभर चालली. गाडी माणसाच्या चालीने पुढे सरकत होती, थांबत होती, पुन्हा सरकत होती, आणि तिच्या इंजिनाचा सूर पहाटेपर्यंत एकसारखा राहिला. अण्णा स्वतः चालकाजवळ बसले होते. परतताना ते भाचीला म्हणाले, “बाळ, इंजिन आठ दिवस एकच गोष्ट सांगत होते. आपण विचारले तेव्हा कळली.”

तिने ते खडूचे तीन रकाने आपल्या वहीत उतरवून ठेवले आहेत. दोन पुसलेले आणि एक उरलेला.